वज्रेश्वरीचे ऊन पाणी

भात झोडून झाले, पेंढा रचून झाला, की आपल्याकडची माणसे जरा मोकळी होतात. मग कोणी म्हशाच्या जत्रेला जातो. कोणी टिटवाळ्याच्या गणपतीला जातो. आणि ज्याचे गुडघे धरले आहेत, ज्याच्या अंगाला खाज आहे, तो म्हणतो, "चला, वज्रेश्वरीला जाऊ. ऊन पाण्यात दोन बुड्या मारू. अंग हलकं होईल."

यंदा आम्हीही गेलो. अकरा माणसे होती. सहा शहापूरकडची, पाच मुरबाडकडची. बहुतेक सगळी आमच्या रात्रीच्या वर्गातली. एक आजी होत्या. त्यांचे गुडघे दुखतात. एक वहिनी होत्या. त्यांच्या कडेवर चार वर्षांचा मुलगा होता. आणि एक मामा होते. सारा गाव त्यांना मामाच म्हणतो. मामा सलग तिसऱ्या वर्षी चालले होते. का चालले होते, ते पुढे येईल.

वज्रेश्वरी आपल्याच ठाणे जिल्ह्यात, भिवंडी तालुक्यात आहे. मुंबईपासून ती ७५ किलोमीटरवर आहे. आपल्याला तर त्याहून जवळ. शहापूरच्या माणसाने भिवंडी गाठावी. मुरबाडच्या माणसाने कल्याणला यावे, तिथून भिवंडी. भिवंडीहून वाड्याच्या रस्त्याने अंबाडीला यायचे आणि तिथे डावीकडे वळायचे. मुंबईची माणसे दुसऱ्या बाजूने येतात. ती विरारला रेल्वेतून उतरतात, नाही तर अहमदाबादच्या मोठ्या रस्त्यावरून शिरसाड फाट्याला वळतात.

भिवंडीच्या स्टँडवर नेहमीप्रमाणे गर्दी. एसटी कुठली, कुणाला विचारायचे, असे चालले होते. तेवढ्यात वहिनी ओरडल्या, "गुरुजी, ती बघा! व, ज, जोडाक्षर, वज्रे... वज्रेश्वरी!" गाडीच्या कपाळावरची पाटी त्यांनी वाचली होती. गाडी अर्धी भरली होती. आम्ही धावलो, म्हणून जागा मिळाली. एरवी मीच पाटी वाचत बसलो असतो, तर उभ्याने जावे लागले असते.

आधी देवीचे दर्शन. देऊळ एका टेकडीवर आहे. चढायला बावन्न दगडी पायऱ्या आहेत. वाटेत एका पायरीवर कासव आहे, त्याला हात लावून माणसे पुढे जातात. वर दारावर नगारखाना आहे आणि चहूबाजूंनी दगडी तट आहे. पाहणाऱ्याला वाटते, हा किल्लाच की काय! आजी पायऱ्यांवर तीनदा बसल्या. पण चढल्या.

हे देऊळ किल्ल्यासारखे का दिसते, त्याला कारण आहे. ते एका लढाईतून उभे राहिले आहे.

फिरंगी, म्हणजे पोर्तुगीज, यांच्याकडे १५३४ सालापासून वसई होती. दोनशे वर्षे या किनाऱ्यावर त्यांचा अंमल होता. १७३७ साली मराठ्यांनी त्यांच्यावर मोहीम काढली. बाजीराव पेशव्यांचे धाकटे भाऊ चिमाजी अप्पा या मोहिमेचे मुख्य होते. ठाणे लवकर हाती आले, पण वसईचा किल्ला काही पडेना. एका अंगाला खाडी, एका अंगाला समुद्र, आणि तट असा जाड की तोफा थकल्या. सांगतात, की तेव्हा चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला नवस बोलला. किल्ला हाती आला, तर तुझे देऊळ बांधीन. मग मराठ्यांनी तटाखाली सुरुंग खणले, दारू ठासली आणि तट उडवला. दोन्हीकडची पुष्कळ माणसे पडली. १७३९ सालच्या मे महिन्यात फिरंग्यांनी किल्ला सोडला.

नवस फेडायला अप्पांनी देऊळ बांधण्याचा हुकूम केला. सुभेदार शंकर केशव फडके यांनी ते बांधले. तेव्हा या गावाचे नाव वडवली होते. पुढे देवीच्या नावावरून सारेच वज्रेश्वरी म्हणू लागले. चिमाजी अप्पा मात्र फार जगले नाहीत. पुढच्याच वर्षी, १७४० साली, ते वारले. नगारखाना नंतर बडोद्याच्या गायकवाडांनी बांधला असे सांगतात.

भीमाशंकराच्या देवळापुढची मोठी घंटा तुमच्यापैकी कितीतरी जणांनी पाहिली असेल. मुरबाडच्या माणसांना तर ती ठाऊकच आहे. ती घंटा वसईच्या मोहिमेत फिरंग्यांच्या देवळातून आणली, असे मानतात. म्हणजे ज्या लढाईतून हे देऊळ आले, तिचीच खूण भीमाशंकराच्या डोंगरावर टांगली आहे.

दर्शन झाले. नारळ फोडला. आता सगळ्यांचे डोळे ऊन पाण्याकडे लागले.

एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. ऊन पाणी एका ठिकाणी नाही. तानसा नदीच्या काठाने पाच-सात किलोमीटरच्या आत कितीतरी झरे आहेत. अकलोलीला आहेत, तिथे रामेश्वराचे देऊळ आहे. गणेशपुरीला आहेत, तिथे भीमेश्वराचे देऊळ आहे. काही झरे तर नदीच्या पात्रातच आहेत. पावसाळ्यात नदी चढली, की ते पाण्याखाली जातात. उन्हाळ्यात पाणी ओसरले, की पुन्हा दिसतात. लोकांनी झऱ्यांना दगडाचे, सिमेंटचे बांध घातले आणि कुंडे केली. शेजारी शेजारी कुंडे असतात. एकात पाणी सोसवते, दुसऱ्यात पाय ठेववत नाही.

आणि ही तानसा नदी कोणाची? शहापूरकरांनो, ती आपली नदी! शहापूर तालुक्यात तिच्यावर मोठे धरण आहे. इंग्रजांच्या राज्यात, १८९२ साली, ते पुरे झाले. तानसाचे गार पाणी मोठमोठ्या नळांतून मुंबईला जाते. मुंबईचा माणूस आपल्या तालुक्याचे पाणी घरबसल्या पितो. आणि त्याच नदीच्या काठचे ऊन पाणी अंगावर घ्यायला गाडीभाडे भरून वज्रेश्वरीला येतो. आपल्या कितीतरी पाड्यांवर मात्र चैत्र-वैशाखात टँकरची वाट बघावी लागते. असो. तो विषय निराळा आहे, पण आठवल्यावाचून राहवत नाही.

गणेशपुरीला आम्ही कुंडाच्या काठावर बसलो. पाण्यातून वाफ निघत होती. बुडबुडे येत होते. नासक्या अंड्यासारखा थोडा वासही येत होता. वहिनींच्या मुलाने विचारले, "गुरुजी, खाली चूल कोणी पेटवली?"

सगळे हसले. पण प्रश्न खरा आहे. म्हाताऱ्या माणसांनाही तो पडतो, पण विचारायची लाज वाटते. आपल्या वाडवडिलांनी त्याला एक उत्तर दिले आहे. देवीने दैत्यांना मारले, त्यांचे रक्त जमिनीखाली अजून कढत आहे, तेच वर येते, अशी गोष्ट इथे सांगतात. गोष्ट ऐकायला छान आहे. आता शास्त्र काय सांगते ते पाहू.

ही पृथ्वी आतून तापलेली आहे. वरचे कवच निवलेले आहे, पोटात मात्र आच आहे. जमिनीत जितके खोल जावे, तितके ऊन वाढते. साधारण एक किलोमीटर खाली गेले, की २५ ते ३० अंश वाढतात. कर्नाटकात कोलार म्हणून गाव आहे. तिथे सोन्याची खाण होती. २००१ साली ती बंद झाली. ती तीन किलोमीटरहून खोल होती. खाली इतके उकडे, की माणसांना काम करता यावे म्हणून वरून गार हवा सोडावी लागे.

आजी म्हणाल्या, "मग आमच्या विहिरीचं पाणी थंडीत ऊन लागतं, ते त्याच्यामुळंच काय?"

नाही. ते कारण वेगळे आहे. विहिरीचे पाणी बारा महिने जवळपास सारखेच असते. पहाटे बाहेर गारठा असतो, म्हणून ते आपल्याला ऊन लागते. वैशाखात बाहेर आग असते, म्हणून तेच पाणी गार लागते. विहीर बदलत नाही, आपले अंग बदलते. वीस-तीस हात खोल विहिरीपर्यंत पृथ्वीच्या पोटातली आच पोचत नाही. त्याला फार खोल जावे लागते.

हे पाणी तितके खोल जाते. आणि ते पाणी येते कुठून? आभाळातून! आपल्याकडे पावसाळ्यात शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो. पुष्कळसे पाणी ओढ्या-नद्यांनी समुद्राला जाते. थोडे जमिनीत मुरते. त्यातलेही थोडे खडकाच्या बारीक भेगांतून खाली, आणखी खाली उतरत जाते. किलोमीटर, दीड किलोमीटर खोल गेले, की तिथले खडकच तापलेले असतात. त्या खडकांत पाणी तापते.

"खाली गेलं ते गेलं. वर कशाला येतं?" मामांनी विचारले.

मामा शेतकरी माणूस. त्यांना रबरी पाइप ठाऊक. मी म्हटले, "मामा, पाइपची दोन्ही तोंडं वर धरा. मधला भाग खाली लोंबू दे. एक तोंड उंच धरा, एक जरा खाली. उंच तोंडात पाणी ओता. काय होईल?"

"दुसऱ्या तोंडानं बाहेर येईल."

तसेच इथे होते. डोंगराच्या बाजूला जमीन उंच आहे. तिथे पाणी शिरते. नदीकाठी जमीन खाली आहे. तिथे ते बाहेर येते. मागून येणाऱ्या पाण्याचा दाब असतोच. शिवाय तापलेले पाणी हलके होते आणि वर चढते. भाताच्या पातेल्यात तळचे पाणी वर उसळते ना, तसे. पण वर यायला वाट हवी. ती वाट म्हणजे खडकातली मोठी भेग. भेग असेल तिथे झरा. भेग नाही तिथे झरा नाही. म्हणून वज्रेश्वरीला ऊन पाणी आहे आणि आपल्या गावाला नाही.

आपला सारा मुलूख काळ्या खडकाचा आहे. माहुलीचा किल्ला काळा, माळशेजचा घाट काळा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातून तापलेला रस बाहेर आला, थरांवर थर बसले आणि थिजले. तोच हा खडक. पुढे समुद्राच्या बाजूची जमीन खचली. खचताना खडकाला लांबलचक भेगा पडल्या. त्या भेगा किनाऱ्याच्या बाजूने उत्तर-दक्षिण गेल्या आहेत. म्हणून कोकणात ऊन पाण्याच्या झऱ्यांची ओळच लागते. उत्तरेला सातिवली, कोकनेर, हलोली आहेत. ती गावे २०१४ सालापर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती, आता पालघर जिल्ह्यात आहेत. मग आपली गणेशपुरी आणि अकलोली. रायगड जिल्ह्यात पालीजवळ उन्हेरे. रत्नागिरी जिल्ह्यात उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी आणि शेवटी राजापूरजवळ उन्हाळे. या नावांकडे पाहा. उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे. नावातच ऊन आहे. आपल्या पूर्वजांनी पाण्यात हात घातला आणि गावाला नाव दिले.

कोणी म्हणतात, जिथे ऊन पाणी तिथे खाली ज्वालामुखी आहे, तो एक दिवस फुटेल. त्यात तथ्य नाही. ज्या आगीतून आपला खडक झाला, ती कोट्यवधी वर्षांपूर्वीच विझली. हे पाणी तापते ते पृथ्वीच्या नेहमीच्या आचेवर.

आता वासाचे. पाणी खडकांतून फिरते, तेव्हा खडकातले क्षार त्यात विरघळतात. मीठ विरघळते. थोडा गंधकही येतो. तो नासक्या अंड्याचा वास गंधकाचाच. हे पाणी खारट लागते. ते पिऊ नये. पोटात गेल्याने आजार बरा होतो असे कोणी सांगेल, तरी पिऊ नये. पिण्याचे पाणी घरून न्यावे.

आणि आता खरी गोष्ट. ज्यासाठी माणसे इथे येतात ती. या पाण्याने रोग बरे होतात का?

आजींचे उत्तर सोपे होते. त्या सोसेल अशा कुंडात गुडघे बुडवून पाऊण घटका बसल्या. उठल्या तेव्हा चेहरा उजळला होता. "बरं वाटलं गो बाय!" म्हणाल्या. ते खोटे नाही. ऊन पाण्याने आखडलेले स्नायू सैल होतात आणि सांध्यांचे दुखणे काही वेळ हटते. घरी ऊन पाण्याचा शेक घेतला, तरी तसेच होते. पण झिजलेला सांधा त्याने भरून येत नाही. चार दिवसांनी आजींचे गुडघे पुन्हा बोलू लागले.

वहिनींच्या मुलाच्या बोटांच्या बेचक्यांत फोड होते. रात्री तो खाजवून खाजवून रडे. ती खरूज होती. वहिनींनी ऐकले होते, की गंधकाच्या पाण्याने खरूज जाते. गंधकाचे मलम खरजेवर चालते, ही गोष्ट खरी आहे. पण मलमात गंधक असतो पुष्कळ, या पाण्यात असतो नावाला. खरूज होते ती डोळ्यांना न दिसणाऱ्या एका किड्याने. तो कातडीच्या आत भोके पाडून राहतो. दोन बुड्यांनी तो मरत नाही. उलट, गर्दीत एकमेकांच्या अंगाला अंग घासून, एकाच फडक्याने अंग पुसून तो दुसऱ्याला लागतो. खरजेचे औषध सरकारी दवाखान्यात मिळते. ते गळ्यापासून पायापर्यंत लावून रात्रभर ठेवायचे, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा लावायचे. मुख्य म्हणजे घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचे, खाज असो वा नसो. कपडे-अंथरूण कढत पाण्यात धुऊन उन्हात घालायचे. वहिनींनी घरी येऊन तसे केले. सासूबाई आधी तयार नव्हत्या. "मला कुठं खाज आहे?" म्हणत होत्या. महिन्याभरात मुलगा रात्रभर निजू लागला.

राहिले मामा.

मामा गणेशपुरीच्या सगळ्यात कढत कुंडाच्या काठावर बसले आणि त्यांनी डावा पाय पाण्यात सोडला. आम्ही इतर माणसांनी तिथे बोट घातले आणि लगेच काढले. मामा आरामात बसून राहिले. "मला काय भाजत नाय," म्हणाले. आजूबाजूची माणसे जमली. कोणी हात जोडले. कोणी म्हणाले, "देवी पावली." मामांनाही बरे वाटले. तीन वर्षे ते त्या पायासाठीच येत होते. नडगीवर एक फिकट चट्टा होता. तो खाजत नव्हता, दुखत नव्हता. पण जातही नव्हता.

एसटीत बसल्यावर मामांनी चप्पल काढली. तळव्याला मोठा फोड आला होता. पाय भाजला होता. मामांना पत्ता नव्हता.

मला धस्स झाले. भाजले तरी कळत नाही, ही देवीची कृपा नव्हे. ते लक्षण आहे. घरी आल्यावर मी मामांना एकीकडे घेतले. त्यांना डोळे मिटायला सांगितले. पेनाच्या टोकाने आधी चांगल्या कातडीला स्पर्श केला, मग चट्ट्याला. "कुठं लागतं ते बोटानं दाखवा," म्हटले. चांगल्या जागेवर त्यांनी लगेच बोट ठेवले. चट्ट्यावर मी चारदा टोक टेकले, मामा गप्प. शेवटी म्हणाले, "कर ना सुरू."

फिकट किंवा लालसर चट्टा, आणि त्यात बधिरपणा, म्हणजे कुष्ठरोगाचा संशय. त्याला महारोग म्हणतात आणि नाव घेताच माणसे चार हात दूर सरकतात. मामांना मी नाव सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "गुरुजी, पोरीचं लगीन व्हायचंय. गावाला कळलं तर?"

दुसऱ्या दिवशी आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टरांनी चट्टा पाहिला, हातापायांच्या शिरा चाचपल्या आणि सांगितले, की हा तोच रोग आहे. आणखीही सांगितले. हा रोग एका सूक्ष्म जंतूने होतो. पापाने नाही, शापाने नाही. त्याच्यावर गोळ्या आहेत. रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा बारा महिने घ्याव्या लागतात. सरकार त्या फुकट देते. गोळ्या सुरू झाल्या, की थोड्याच दिवसांत त्या माणसापासून दुसऱ्याला रोग लागत नाही. त्याने घरात राहावे, एका पंगतीत जेवावे, शेतावर जावे. घरच्यांची तपासणी झाली. त्यांना रोग होऊ नये म्हणून एकदाच घ्यायचे औषध दिले. कायदाही आता बदलला आहे. जोडीदाराला कुष्ठरोग आहे, एवढ्या कारणावर पूर्वी घटस्फोट मागता येई. २०१९ सालापासून ते कारण कायद्यातून काढले आहे.

मामांनी विचारले, "पायाला पुन्हा कळू लागेल काय?"

डॉक्टर खरे बोलले. जंतू मरतील, रोग थांबेल. पण ज्या शिरा गेल्या, त्या परत येतीलच असे नाही. तीन वर्षांपूर्वी चट्टा छोटा होता आणि तळव्याला सारे कळत होते. तेव्हा आले असते तर पाय राखला असता.

ती तीन वर्षे मामांनी कुंडावर घालवली. दर खेपेला गाडीभाडे, तिथला मुक्काम, शिवाय काठावर एकाने विकलेले तेल. तेलाची बाटली त्यांनी मला दाखवली. तिच्यावर कागद होता, पण कशाचे तेल ते लिहिलेले नव्हते.

आता मामा रोज संध्याकाळी पाय धुऊन तळवा आरशात बघतात. काटा रुतला का, फोड आला का, ते डोळ्यांनी पाहावे लागते, कारण पाय सांगत नाही. मऊ तळाची चप्पल घालतात. चुलीजवळ पाय लांब करून बसत नाहीत. ही गोष्ट लिहू का, असे मी त्यांना विचारले. म्हणाले, "लिहा. नाव नको. पण लिहा."

पाय बधिर होण्याचे आणखी एक मोठे कारण आहे. ते म्हणजे साखरेचा आजार, मधुमेह. आता तो खेड्यातही पुष्कळ आहे. ज्याला हा आजार आहे, त्याने कढत कुंडात पाय सोडूच नये. भाजलेली जखम चिघळली, तर बोट किंवा पाय कापायची पाळी येते.

धडधाकट माणसानेही जपावे. आपले अंग ३७ अंश ऊन असते. ४० अंशांच्या आसपासचे पाणी अंगाला सुखाचे वाटते. इथल्या काही कुंडांत पाणी ५० अंश आणि त्याहूनही वर आहे. तेवढ्या पाण्यात काही मिनिटांत कातडी भाजते. लहान मुलाची कातडी पातळ, त्याला आणखी लवकर भाजते. म्हणून आधी कोपर बुडवून पाहावे, मग पाय. पाच-दहा मिनिटांत बाहेर यावे. जास्त बसले, की घेरी येते. ज्यांना हृदयाचा आजार आहे किंवा रक्तदाब आहे, त्यांनी आणि गरोदर बाईने आत उतरू नये. कुंडाच्या पाण्यात डोके बुडवू नये, नाकात पाणी जाऊ देऊ नये. ऊन, साचलेल्या पाण्यात मेंदूला घातक असे जंतू क्वचित असतात आणि ते नाकातून शिरतात. अंगावर उघडी जखम असेल तर काठावरूनच नमस्कार करावा. साबण कुंडात नको, बाहेर. बायामाणसांची अंघोळीची जागा आणि वेळ तिथे आधी विचारून घ्यावी.

पावसाळ्यात नदीकाठच्या झऱ्यांकडे जाऊ नये. वर आपल्या तालुक्यात तानसा धरण भरते, दरवाजे उघडतात आणि खाली नदी बघता बघता चढते. वर ऊन पडलेले असते, म्हणून खालच्या माणसाला वाटते, आज काही भीती नाही. तिथे पूर बघून येत नाही.

गणेशपुरीला आणखी एक ठिकाण पाहण्यासारखे आहे. ते म्हणजे स्वामी नित्यानंदांची समाधी. ते दक्षिणेकडचे. पुष्कळ हिंडून ते १९३६ सालाच्या सुमाराला इथे आले आणि इथेच राहिले. तेव्हा इथे बहुतेक जंगलच होते. ८ ऑगस्ट १९६१ रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांच्यामुळे देशोदेशीची माणसे या लहान गावात येऊ लागली. आम्हालाही तिथे गोऱ्या रंगाची दोन माणसे दिसली. भुईवर मांडी घालून पत्रावळीवर जेवत होती. आजींनी त्यांच्या पानात आपल्या घरची चटणी वाढली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, पण त्यांनी ती संपवली.

हिमाचल प्रदेशात मणिकर्ण म्हणून जागा आहे. तिथले पाणी जवळजवळ उकळते. फडक्यात तांदूळ बांधून झऱ्यात सोडले, की भात शिजतो. आपल्याकडचे पाणी तेवढे कढत नाही. वहिनींनी हे ऐकल्यावर विचारले, "मग तिथं लाकूडफाट्याचा खर्च वाचत असेल, नाही का?" वाचतोच. तिथल्या गुरुद्वाऱ्यात रोज कितीतरी माणसांचे जेवण झऱ्यावर शिजते.

परतीच्या गाडीची वेळ वज्रेश्वरीला उतरताच विचारून ठेवावी. आम्ही ठेवली नव्हती. त्यामुळे अंबाडी नाक्यावर सव्वा तास उभे होतो. अंधार पडला, थंडी वाजू लागली, मुलगा झोपी गेला. आजी मात्र खुशीत होत्या. गुडघ्यांची ऊब अजून टिकून होती. भिवंडीच्या गाडीचे दिवे लांबून दिसले. तिची पाटी या खेपेला आजींनीच वाचली. त्या हळू वाचतात. त्यांचे वाचून होईपर्यंत कंडक्टर थांबला.